वॉशिंग सेंटरची इमारत आणि ओलावा: बांधकाम साहित्य निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्या धुण्याचे केंद्र, म्हणजे रोजच्या भाषेतले वॉशिंग सेंटर, उभारताना मालक, फॅब्रिकेटर आणि नव्याने काम हाती घेतलेले अभियंते जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. डोळ्यांसमोर दोन ते चार गाड्यांची शेड, एखादा रॅम्प किंवा हायड्रॉलिक जॅक, पाण्याची टाकी आणि लहानसे कार्यालय असलेले केंद्र आहे. कोकण किनाऱ्याचा विचार अधिक केला आहे, कारण तेथे चूक लवकर उघडी पडते. देशावरची गोष्ट जेथे वेगळी आहे, तेथे तसे सांगितले आहे.

गोदामाची शेड आणि वॉशिंग सेंटरची शेड दिसायला सारखीच असते. मग साहित्यात फरक कशासाठी करायचा?

गोदामाची शेड पावसाळ्याचे चार महिने बाहेरून भिजते आणि आतून कोरडी राहते. वॉशिंग सेंटरची शेड बारा महिने आतून भिजते, आणि तेही ठरावीक चक्राने: सकाळी पहिली गाडी लागली की फवारा सुरू होतो, संध्याकाळपर्यंत चालतो, रात्रीतून बरेचसे वाळते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि हे ओले-कोरडे चक्र दोन्हींचा मुबलक पुरवठा करते. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६:२००० या भारतीय मानकाने आलटून पालटून भिजणारे आणि वाळणारे पृष्ठभाग ‘तीव्र’ परिस्थितीत धरले आहेत. किनाऱ्यावरचे वातावरणही त्याच वर्गात येते.

शिवाय हे पाणी नुसते पाणी नसते. जेटच्या दाबाने उडालेले तुषार चाकांवरची माती, शाम्पू, डिझेल आणि ग्रीस घेऊन थेट कैचीपर्यंत, म्हणजे छत तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यापर्यंत, पोहोचतात. बाहेरचा पत्रा पाऊस धुऊन काढतो. आतल्या पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांवर, बसलेला हा चिकट थर मात्र कोणीच धूत नाही, आणि तो हवेतला ओलावा ओढून घेत रात्रभर दमट राहतो.

या कामासाठी सर्वांत चांगले असे एकच साहित्य कोणते?

असे साहित्य नाही. इमारत एक असली तरी तिच्या पोटात तीन हवामाने असतात, आणि साहित्य त्या त्या उंचीप्रमाणे निवडावे लागते.

जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंतचा पट्टा सर्वांत वाईट. येथे जेटचा थेट मारा, साचलेले पाणी, आम्ल किंवा सोडा असलेले द्रावण आणि गाडीचा धक्का हे सगळे एकत्र येते. त्याच्या वरच्या, पत्र्याच्या खालपर्यंतच्या भागात तुषार आणि वाफ असते, पण पाणी साचत नाही. पत्र्याची खालची बाजू आणि तिला लागून असलेले पर्लिन यांचे तिसरेच दुखणे असते: पहाटे पत्रा थंड पडला की आतला दमटपणा दवासारखा तेथे जमतो आणि थेंबाथेंबाने पर्लिनच्या ओठावर (वळवलेल्या कडेवर) उतरतो.

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी आम्हाला दाखवायला नेलेल्या शेडचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. चौकोनी पाइपचे खांब कोब्यात गाडलेले, वर निळा रंग, पत्रा चकचकीत; मालकांना पत्रा कोणता बदलावा एवढेच विचारायचे होते. खांब कोब्याला जेथे टेकतो तेथे स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहिले, तर तो पापुद्र्यातून आरपार पोकळीत गेला. खांबाच्या आत वितभर पाणी साचलेले होते. तीन फुटांवरचा तोच पाइप मात्र जवळजवळ नव्यासारखा होता. शेड दोन फुटांखाली मेली होती आणि खर्च वरच्या पत्र्यावर करायचा विचार चालला होता.

म्हणून आमची सर्वसाधारण शिफारस अशी असते की खालच्या मीटरभर उंचीत लोखंड येऊच देऊ नये. तेथे घट्ट काँक्रीट किंवा काळा दगड असावा, मध्ये तयार झाल्यावर जस्ताच्या कढईत बुडवून काढलेले लोखंड असावे, आणि वर लेप दिलेला पत्रा असावा.

खांब आरसीसीचे करावेत की लोखंडी?

दोन्ही चालतात. महत्त्वाचे असते ते दोहोंची भेट कोठे होते हे. लोखंडी खांब हवे असतील, तर जमिनीच्या वर किमान ४५० मिमी, आणि जागा असेल तर ७५० मिमी ते १ मीटर उंचीचा आरसीसी पेडेस्टल (खांबाखालचा चौथरा) घेऊन त्यावर बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पाटी) बसवावी. पेडेस्टलचा माथा सपाट न ठेवता बेसप्लेटच्या कडेपासून बाहेर ढाळ द्यावा, प्लेटखाली आकुंचन न पावणारा ग्राउट (पोकळी भरण्याचा माल) ठासून भरावा, आणि अँकर बोल्ट जस्तलेपित घ्यावेत. बेसप्लेट फरशीच्या पातळीवर बसवून तिच्यावर कोबा ओतण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यामुळे प्लेट झाकली जाऊन काम नीटनेटके दिसते खरे, पण काँक्रीट आणि लोखंड यांच्या सांध्यात केसाएवढी फट राहतेच, तिच्यात पाणी मुरते आणि गंज दिसायच्या आधी बोल्ट अर्धे झालेले असतात.

संपूर्ण आरसीसी खांब केले तर देखभाल कमी लागते, मात्र त्यासाठी काँक्रीट खरोखर चांगले व्हावे लागते. लहान गावात जेथे मिक्सरवर हाताने माल टाकला जातो आणि काँक्रीट घट्ट बसवणारा व्हायब्रेटर भाड्याने आणावा लागतो, तेथे निकृष्ट आरसीसी खांबापेक्षा चांगल्या पेडेस्टलवरचा जस्तलेपित खांब अधिक भरवशाचा ठरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काँक्रीट कोणत्या दर्जाचे घ्यावे? एम २० पुरत नाही का?

पुरत नाही. (एम पुढचा आकडा काँक्रीटची ताकद दाखवतो.) आयएस ४५६ नुसार ‘तीव्र’ परिस्थितीतल्या आरसीसीसाठी किमान एम ३० दर्जा, प्रति घनमीटर किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर काँक्रीटचे ४५ मिमी आवरण लागते. समुद्राचे तुषार थेट येत असतील तर परिस्थिती ‘अति तीव्र’ ठरते. तेथे एम ३५, ३४० किलो आणि ५० मिमी आवरण धरावे. घरबांधणीतल्या सौम्य परिस्थितीसाठीचे २० मिमी आवरण येथे लावणे म्हणजे गंजाला निम्मी वाट आधीच मोकळी करून देणे होय.

या आकड्यांपैकी बांधकामावर सर्वांत जास्त मोडला जाणारा आकडा ०.४५ हा आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की ५० किलोच्या एका गोणीला एकूण साडेबावीस लिटर पाणी, आणि त्यात ओल्या वाळूतून येणारे पाणीही धरायचे. गवंड्याला एवढ्या पाण्यात माल कोरडा वाटतो आणि तो सवयीने आणखी एक डबा ओततो. हे टाळण्याचा उपाय दटावणी नसून प्लास्टिसायझर आहे: तो मोजून घातला की तेवढ्याच पाण्यात माल सैल होतो आणि डबा आपोआप थांबतो. आवरणासाठी दगडाची कपची किंवा फुटक्या लादीचा तुकडा सळईखाली सरकवू नये. काँक्रीट ज्या दर्जाचे, त्याच दर्जाचे कव्हर ब्लॉक आधीच पाडून ठेवावेत.

सिमेंट साध्या ओपीसीपेक्षा राखमिश्रित पीपीसी किंवा धातुमळीचे पीएससी घेणे योग्य, कारण त्यांचे काँक्रीट पुढे अधिक घट्ट होते आणि मीठ आत शिरण्याचा वेग मंदावतो. अट एवढीच की क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) किमान १० दिवस, शक्य तर १४ दिवस झाले पाहिजे. वॉशिंग सेंटरसाठी पाण्याची सोय आधीच केलेली असते, तेव्हा क्युरिंगला पाणी नव्हते ही सबब येथे तरी चालू नये.

बोअरचे पाणी बांधकामाला वापरले तर चालेल का?

आधी तपासून घ्यावे. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि सामू (पीएच) ६ पेक्षा कमी असू नये, असे मानक सांगते. खाडीकाठच्या बोअरमध्ये उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी मचूळ होते, हे तेथील लोकांना सांगावे लागत नाही. तेच पाणी पुढे रोज जेटमधून उडणार असते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणजे ही तपासणी फक्त काँक्रीटसाठी नाही, पत्रा आणि खांब कोणता घ्यावा याचा निर्णयही तिच्यावरच अवलंबून आहे.

गंजरोधक लेपाच्या सळ्या घ्याव्यात का?

एपॉक्सी लेपाच्या आणि जस्तलेपित सळ्या बाजारात मिळतात व त्यांना स्वतंत्र भारतीय मानके आहेत. परंतु एपॉक्सीचा लेप वाहतुकीत, वाकवताना किंवा बांधणीच्या तारेने खरचटला की त्या एका जागी गंज एकवटतो, आणि लहान कामावर ती जागा शोधून दुरुस्त करणारा माणूस क्वचितच असतो. त्या पैशात ४५ मिमी आवरण, योग्य पाणी आणि व्हायब्रेटर यांची खात्री करून घेतली तर साधी टीएमटी सळईही चांगली टिकते. पेडेस्टल आणि जमिनीलगतची तुळई एवढ्यापुरत्या जस्तलेपित सळ्या घेणे हा समंजस मधला मार्ग आहे.

‘जीआय पाइप वापरला आहे, गंजणार नाही’ असे फॅब्रिकेटर सांगतात. ते बरोबर आहे का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो, आणि सर्वांत जास्त नुकसानही याच गैरसमजामुळे होते. जीआय म्हणजे जस्त चढवलेले लोखंड, पण या दोन अक्षरांखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे आधी जस्त चढवलेल्या पातळ पत्र्यापासून वळवलेला चौकोनी पाइप किंवा पर्लिन. अशा पत्र्यावर भरघोस म्हटला जाणारा लेप २७५ ग्रॅम प्रति चौरस मीटर असतो, पण तो दोन्ही बाजूंचा मिळून. म्हणजे एका बाजूला सुमारे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाजारातल्या स्वस्त मालावर १२० ग्रॅमचाच लेप असतो. त्यात पाइप जोडताना वेल्डची रेषा आणि कापलेली टोके उघडीच राहतात, त्यांच्यावर रुपेरी रंग मारलेला असतो, आणि तो पाहून ग्राहकाचे समाधान होते.

दुसरी वस्तू म्हणजे खांब किंवा कैची पूर्ण तयार करून, भोके पाडून, वेल्डिंग संपवून मग सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला भाग. ५ मिमी किंवा त्याहून जाड लोखंडासाठी आयएस ४७५९ प्रत्येक पृष्ठभागावर ६१० ग्रॅम प्रति चौरस मीटर मागते, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन.

या दोहोंतला फरक वर्षांत मांडता येतो. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सी ४ वर्गाच्या (जास्त गंजवणाऱ्या) हवामानात जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन झिजते, आणि सी ५ मध्ये (त्याहून जास्त गंजवणाऱ्या हवामानात) ४.२ ते ८.४ मायक्रॉन. किनाऱ्याजवळचे वॉशिंग सेंटर सी ५ धरले, तर २० मायक्रॉनचा लेप अडीच ते पाच वर्षांत संपतो आणि ८५ मायक्रॉनचा दहा ते वीस वर्षे पुरतो. हे आकडे मोकळ्या हवेचे आहेत. आम्लाचा फवारा बसणाऱ्या जागी झीज याहून जास्त होते. जस्त संपल्यावर उघड्या लोखंडाची झीज त्याच सी ५ वर्गात पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन असते. २ मिमी जाडीचा पर्लिन दोन्ही बाजूंनी १०० मायक्रॉन गमावतो तेव्हा वर्षाला त्याची दहा टक्के जाडी जाते, हे लक्षात घेतले की पातळ सेक्शन अचानक का बसतात ते कळते.

दोन सूचना. कढईची लांबी आधी विचारून घ्यावी आणि त्यात मावतील एवढेच तुकडे करून जोड बोल्टने करावेत, कारण जस्त चढल्यावर जागेवर वेल्डिंग केले की तेथले जस्त जळून जाते. दुसरे, पोकळ पाइप बुडवायचा असेल तर त्याला हवा जाण्याची भोके हवीतच. बंद पाइप कढईत टाकला तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो आणि माणसे जखमी होतात.

रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट दर दोन वर्षांनी मारले तर पुरणार नाही का?

कार्यालयाच्या खिडकीच्या गजांना पुरेल. शेडच्या सांगाड्याला पुरणार नाही, कारण जेटचा दाब सैल रंग सोलून काढतो आणि एकदा कडेने पाणी शिरले की रंगाखालीच गंज पसरतो. रंगावरच विसंबायचे असेल तर लोखंड वाळूच्या माऱ्याने पांढुरक्या धातूपर्यंत साफ करून जस्तयुक्त एपॉक्सी प्राइमर, त्यावर एपॉक्सीचा जाड मधला थर आणि वर पॉलियुरेथेन असा क्रम घ्यावा. पॉलियुरेथेन वगळू नये. एपॉक्सी उन्हात खडूसारखा भुकटतो. पॉलिश पेपर घासून वर महागडा रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे, आणि येथे ते शब्दशः खरे ठरते.

सांगाड्यासाठी पोकळ पाइप चांगला की अँगल-चॅनेल?

पाइपला बाहेरून कोपरे कमी असतात, त्यामुळे घाण अडकत नाही आणि धुणे सोपे जाते. पण आतला गंज दिसत नाही. दोन्ही टोके पूर्ण वेल्डने बंद केलेला पाइप आतून टिकतो, कारण आतला प्राणवायू संपतो. अर्धवट बंद केलेला पाइप मात्र दमट हवा श्वासासारखी आत घेतो आणि तळाशी पाणी धरतो. आतबाहेर जस्त चढवून, तळाशी निचऱ्याचे भोक ठेवलेला पाइप सर्वांत चांगला.

अँगलच्या कैचीत पाठीला पाठ लावून जोडलेले दोन अँगल टाळावेत. त्यांच्यामध्ये गसेट प्लेटच्या (सांध्यातल्या जोडपट्टीच्या) जाडीएवढी फट राहते, तेथे ब्रश पोहोचत नाही, आणि आत वाढणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागत असल्याने दोन्ही अँगल एकमेकांपासून फाकवतो. चॅनेल आडवा टाकायचा असेल तर त्याचे तोंड खाली किंवा बाजूला असावे. तोंड वर ठेवले की तो पन्हळ होतो.

छताला कोणता पत्रा घ्यावा?

गॅल्व्हल्यूम या नावाने ओळखला जाणारा, ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेले बहुतांश जस्त असा लेप असलेला पत्रा साध्या जस्ती पत्र्यापेक्षा मोकळ्या हवेत बराच जास्त टिकतो. १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर लेपाचा आणि वर रंगाचा थर असलेला पत्रा मागावा, आणि रंग खालच्या बाजूलाही पूर्ण जाडीचा आहे का हे विचारावे. सामान्यतः खालच्या बाजूस पातळ थर असतो, आणि आपल्या इमारतीत खरी लढाई खालच्या बाजूलाच असते. हा लेप सिमेंटला लागू देऊ नये. ओल्या सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियम खातो, त्यामुळे भिंतीत पत्रा घुसवून कडा सिमेंटने बुजवण्याची पद्धत येथे सोडून द्यावी लागते.

नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा खाऱ्या हवेला चांगला तोंड देतो, पण कॉस्टिकयुक्त डिग्रीझरचे (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाचे) तुषार त्याला सोसत नाहीत. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, मात्र तो ठिसूळ आहे आणि त्यावर शेवाळ धरते. यूपीव्हीसीचे (कडक प्लास्टिकचे) पत्रे ओलाव्याच्या दृष्टीने निर्धास्त आहेत, परंतु उष्णतेने प्रसरण पावतात, म्हणून भोके सैल ठेवून पर्लिन जवळजवळ घ्यावे लागतात. उजेडासाठी अधूनमधून पारदर्शक पत्रा घालावा; पॉलिकार्बोनेट घेतला तर अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली बाजू वर आली पाहिजे, आणि ती कोणती हे चिकटवलेला कागद काढण्यापूर्वी पाहून ठेवावे.

स्क्रू हा छताचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा पत्रे उडालेली घरे आणि शेड साऱ्यांनी पाहिले. बाजू मोकळ्या असलेल्या शेडमध्ये वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो, आणि तो सगळा भार अखेर स्क्रूच्या मानेवर येतो. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर दिला आहे. गणित नव्या स्क्रूवर केलेले असते. पाच पावसाळे पाहिलेल्या गंजक्या स्क्रूवर केलेले नसते. म्हणून ईपीडीएम (रबरी) वॉशरसह जाड लेपाचे किंवा स्टेनलेसच्या डोक्याचे स्क्रू घ्यावेत, आणि भोक पाडताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढावा, नाहीतर नव्या पत्र्यावर आठवड्यात तांबूस ठिपके उमटतात.

भिंती कशाच्या बांधाव्यात? कोकणात जांभा स्वस्त पडतो.

जांभा स्वस्त पडतो, घराला शोभतो आणि थंडही राहतो; पण तो सच्छिद्र आहे. जेटचा मारा रोज बसणाऱ्या भिंतीत चिऱ्यातली मऊ माती हळूहळू धुपून भोके मोठी होतात. कार्यालयाला, टाकीच्या बाहेरच्या बाजूला जांभा खुशाल वापरावा. धुण्याच्या जागेतल्या भिंती मात्र भरीव काँक्रीट ब्लॉकच्या किंवा आरसीसीच्या असाव्यात. लाल विटेने पाणी पिऊ नये अशी अपेक्षाच चुकीची आहे: वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषणारी वीट मानकात बसते. अशा भिंतीला आतून लोणा लागतो आणि गिलावा फुगून पडतो. सिपोरेक्सचे हलके ब्लॉक तर येथे नकोच.

देशावर काळा दगड मिळत असेल तर जोते त्याचे बांधावे. बेसाल्टएवढी घट्ट, पाणी न पिणारी आणि गाडीचा बंपर लागला तरी न हलणारी दुसरी वस्तू त्या किमतीत मिळत नाही.

सगळे स्टेनलेस स्टीलचे केले तर प्रश्नच मिटेल ना?

खर्च परवडत असेल तरीही ‘स्टेनलेस’ या शब्दावर थांबू नये. ३०४ प्रकारचे स्टील खाऱ्या तुषारांत तपकिरी डाग धरते आणि फटींमध्ये त्याला बारीक खड्डे पडतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रकारचे स्टील किनाऱ्यावर घ्यावे. पूर्ण सांगाडा त्याचा करण्याची गरज आम्हाला आजवर पटलेली नाही. होजचे हूक, फवाऱ्याच्या पाइपचे क्लॅम्प, गटारावरच्या जाळीची चौकट आणि जेथे ब्रश पोहोचणार नाही असे बोल्ट एवढ्यापुरते ते वापरावे. स्टेनलेसच्या मोठ्या प्लेटला साधा बोल्ट लावू नये, कारण दोन धातू ओलाव्यात भेटले की लहान असलेला साधा बोल्ट झपाट्याने खाल्ला जातो.

लाकूड किंवा बांबू?

धुण्याच्या जागेत नाही. ग्राहकांना बसायच्या पडवीला सागवान अवश्य वापरावे.

आमच्याकडे गाड्यांपेक्षा टेम्पो आणि टँकर जास्त येतात. त्याने फरक पडतो का?

फार पडतो, आणि हा प्रश्न मालकांनी आपणहून विचारला पाहिजे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावरून आलेला मासळीचा टेम्पो धुतला जातो, तेव्हा बर्फाचे खारट पाणी फरशीवर येते. क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचले की सळईभोवतीचे नैसर्गिक संरक्षक कवच मोडते. अशा केंद्राला समुद्रापासून अंतर कितीही असो, ‘अति तीव्र’ परिस्थितीचे निकष लावावेत.

कोल्हापूर-सांगली भागात दुधाचे टँकर धुतले जातात. सांडलेले दूध आंबून होणारे लॅक्टिक आम्ल सिमेंट खाते. साखर कारखान्याच्या मळीच्या टँकरचीही तीच गत. खताच्या ट्रकमधून पडणारे अमोनियम क्षार काँक्रीटला आणि जस्ताला दोघांनाही वाईट. आम्लापुढे एम ३० काय आणि एम ५० काय, सिमेंट हे सिमेंटच असते. तेथे दर्जा वाढवून उपयोग नसतो, वर आम्लरोधक लादी रेझिनच्या सांध्यांसह बसवावी लागते किंवा योग्य जाडीचा एपॉक्सी थर द्यावा लागतो. चाकाच्या रिमसाठी वापरले जाणारे आम्लयुक्त द्रावण हा याच दुखण्याचा लहान भाऊ आहे. जस्त साधारणपणे सामू ६ ते १२ च्या दरम्यान सुखी असते, त्यामुळे आम्लाची बाटली खांबाजवळच्या कोनाड्यात ठेवू नये, एवढी साधी सूचनाही खांबाचे आयुष्य वाढवते.

परदेशी पुस्तिकांत रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठावर पानेच्या पाने असतात. ती वाचून घाबरण्याचे कारण नाही. आपले मीठ मासळीतून आणि खाडीच्या बोअरमधून येते.

फरशी आणि रॅम्प कसे करावेत?

फरशीला गटाराच्या दिशेने किमान ५० ला १ ढाळ, म्हणजे दर मीटरला २० मिमी, ठेवावा. जाडी आणि सळ्यांची जाळी गाडीच्या वजनावर ठरते, पण पृष्ठभाग निर्वात पद्धतीने पाणी ओढून घेतलेला, म्हणजे ट्रिमिक्सचा असावा. वर वेगळा थापलेला पातळ कोबा सुटतो. चकचकीत टाइल लावू नये, माणूस घसरतो. रॅम्प लोखंडाचा केला तर पोलाद भरपूर जाडीचे घ्यावे आणि त्याचे पाय पेडेस्टलवर ठेवावेत. आरसीसीचा केला तर ही कटकट उरत नाही. गटारावरची जाळी एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) घेतली तर गंजतही नाही आणि चोरीलाही जात नाही, कारण तिला भंगारात भाव नाही.

आमची जागा काळ्या मातीत आहे. वेगळे काही पाहावे का?

सोलापूर, लातूर, परभणी किंवा विदर्भाच्या काळ्या मातीत ओलाव्याचे खरे नुकसान जमिनीखाली होते. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. साध्या घराखाली हे वर्षातून एकदा घडते, पण वॉशिंग सेंटरच्या गळक्या गटाराखाली एका कोपऱ्यात माती कायम फुगलेली आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरडी राहते, आणि फरशी तिरकी उचलली जाते. पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्यावा, माती खोल असेल तर फुगीर तळाचे पाइल घ्यावेत, फरशीखालची काळी माती काढून थराथराने मुरूम दाबावा, आणि सांडपाण्याच्या प्रत्येक सांध्याची पाणी भरून चाचणी घेतल्याशिवाय तो बुजवू नये.

पैसे मर्यादित आहेत. बचत कोठे करावी?

बाजूच्या पत्र्याच्या भिंती कमी कराव्यात. मोकळी बाजू हवा खेळवते, दमटपणा घालवते आणि पैसेही वाचवते. कार्यालयाची सजावट, दर्शनी भागाचे एसीपी पॅनेल, रंगीत दिवे हे सगळे पहिल्या वर्षाच्या कमाईतून करता येते. पेडेस्टलची उंची आणि जस्ताची जाडी मागाहून वाढवता येत नाही. पत्र्याची जाडी कमी करून बचत करण्याचा मोह होतो, पण त्याऐवजी एक बे (खांबांमधला एक गाळा) कमी करून सुरुवात करावी आणि पुढच्या बेचे अँकर बोल्ट आधीच गाडून, ग्रीस लावून, टोपी घालून ठेवावेत.

जुनी शेड विकत घेतली आहे. ती दुरुस्त करावी की पाडावी, हे कसे ठरवायचे?

आधी दोन दिवस धुणे बंद ठेवून सगळे वाळू द्यावे, कारण ओल्या लोखंडावर आणि ओल्या काँक्रीटवर बरेच दोष लपतात. मग खालून सुरुवात करावी: प्रत्येक खांब जमिनीलगत हातोडीने ठोकून पाहावा. भरीव लोखंड खणखणते, खाल्लेले लोखंड बद्द वाजते. शंका आलेल्या जागी अल्ट्रासोनिक जाडीमापकाने मोजून घ्यावे आणि मूळ जाडीशी ताडून पाहावे. काँक्रीटच्या खांबावर सळईच्या रेषेत उभी भेग दिसली, तर आतली सळई फुगू लागली आहे असे समजावे. वरून सिमेंट लावून ती झाकणे म्हणजे तिला आत एकटे सोडणे आहे.

खांबांची झीज फक्त खालच्या फूट-दीड फुटात असेल, तर कैचीला खालून आधार देऊन खांब त्या उंचीला कापता येतात आणि नव्या पेडेस्टलवर बेसप्लेटसह पुन्हा उभे करता येतात. हे काम आम्ही केलेले आहे आणि ते नव्या शेडपेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. झीज पर्लिनच्या ओठांपर्यंत आणि कैचीच्या गसेटपर्यंत पोहोचली असेल, तर मात्र पत्र्यावर माणूस चढवण्यापूर्वीच निर्णय घ्यावा, आणि पाहणीसाठी वर चढायचेच असेल तर शिडी खांबाला न टेकवता स्वतंत्र मचाण उभारावे.